घरच्या कॉम्प्युटरवर इलेक्ट्रिक गिटारचं रेकॉर्डिंग : रामटेकमध्ये बसून छोटा व्यवसाय कसा सुरू करायचा?



आजचा विषय जरा वेगळा आहे. पापड, मसाले, टेलरिंग, मोबाइल रिपेअरिंग यावर आपण खूप बोललो. आज हातात कला असलेल्यांसाठी बोलू. रामटेक, मनसर, मौदा, पारशिवनी या पट्ट्यात चांगली गिटार वाजवणारी मुलंमुली आहेत. त्यांची अडचण एकच. गाण्यात दोन मिनिटांचा गिटारचा तुकडा वाजवायचा असला तरी नागपूरला जायचं. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, स्टुडिओत नंबर लागेपर्यंत बसून राहायचं, आणि संध्याकाळी हिशोब केला की दिवस गेला, पैसे उरले नाहीत.

मग मनात येतं, घरीच रेकॉर्ड करावं. इथपर्यंत बरोबर. पण पुढे बहुतेक जण एकच रस्ता धरतात : हप्त्यावर नवा महागडा कॉम्प्युटर घ्यायचा, भिंतींना फोम चिकटवायचा आणि मग काम शोधायचं. हा क्रम उलटा आहे. आजच्या लेखातलं एकच वाक्य लिहून ठेवा :

इलेक्ट्रिक गिटारला तुमची खोली ऐकू येत नाही, तिला तुमच्या घरातली वीज ऐकू येते.

हे समजलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे वाचवायचे, ते आपोआप कळतं. चला, एकेक पायरी बघू.

पायरी १ : आधी गिऱ्हाईक, मग कॉम्प्युटर

कुठल्याही धंद्याचा पहिला प्रश्न, पैसे कोण देणार? गिटार ट्रॅकला पैसे देणारे साधारण चार प्रकारचे लोक असतात.

पहिले, स्थानिक गायक आणि गीतकार. भजनं, भीमगीतं, लग्नाची गाणी, स्वतःची व्हिडिओ गाणी करणारे. यांच्याकडे कीबोर्डवर केलेला ट्रॅक असतो, पण त्यातली गिटार खोटी वाटते. त्यांना खरी गिटार हवी असते.

दुसरे, नागपूरचे छोटे स्टुडिओ आणि संगीत संयोजक. प्रत्येकाकडे रोज गिटारवादक बसलेला नसतो.

तिसरे, झाडीपट्टी रंगभूमी. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि देसाईगंज, म्हणजे आपलं वडसा, हे तिथल्या नाटक कंपन्यांचं मोठं केंद्र आहे. नाटकात संगीत लागतंच. हंगामाच्या आधी दोन-तीन महिने जाऊन भेटलात तर विचारणा होऊ शकते.

चौथे, पुण्या-मुंबईचे आणि बाहेरचे लोक. त्यांना तुम्ही कुठे बसता याच्याशी देणंघेणं नाही, फाइल वेळेवर आणि स्वच्छ आली पाहिजे. कालिदासाच्या यक्षाने याच रामगिरीवरून ढगाकडे निरोप दिला, असं परंपरा सांगते. आपल्याला ढगाची वाट बघायची नाही, इंटरनेट आहे!

या चार प्रकारांतले निदान पाच लोक शोधा आणि त्यांना विचारा : "तुम्हाला महिन्याला किती गाण्यांत गिटार लागते? आत्ता किती पैसे देता? अडचण काय येते?" ही उत्तरं वहीत लिहा. पाच जणांपैकी एकानेही काम देण्याची तयारी दाखवली नाही, तर अजून खर्च करू नका.

पायरी २ : घरी सुरू करायला गिटार सोयीची का?

'सैराट' आठवतोय ना? २०१६ च्या या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसला जाऊन केलं. एवढ्या लांब का? कारण पन्नास-साठ व्हायोलिनं, चेलो, बासऱ्या एकत्र वाजतात तेव्हा मोठा, खास बांधलेला हॉल लागतो. माइक वाद्याबरोबर हॉलचा आवाजही टिपतो. गाण्याच्या गळ्याचंही तसंच. माइक उघडला की कुकरची शिट्टी, गल्लीतला भोंगा, शेजारचा कुत्रा, सगळं रेकॉर्ड होतं.

इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिच्या तारांखाली पिकअप असतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार लोखंडी जातीची, म्हणजे स्टील किंवा निकेलची असते. ती थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी लहानसा वीजप्रवाह तयार होतो. हाच आपला सिग्नल. यात हवेचा संबंध जवळजवळ नाही. म्हणून बाजूला कूलर सुरू असो की पोरं खेळत असोत, रेकॉर्डिंगमध्ये ते येत नाही. गडमंदिराच्या पायथ्याशी यात्रेच्या गर्दीत तुमचं घर असलं तरी काम थांबत नाही.

हा विचार नवा नाही. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने १९४८ मध्ये 'लव्हर' नावाची रेकॉर्ड काढली. हॉलिवूडमधल्या आपल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने एकट्याने अनेक गिटार एकावर एक चढवून ती तयार केली होती, आणि तीही तबकड्यांवर. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. तुमच्या घरातला जुना लॅपटॉप त्याच्या सामानापेक्षा कितीतरी पुढे आहे.

म्हणून खोलीवर खर्च नको. फोम, कार्पेट, खास दरवाजे यांची यादी फाडून टाका. निदान पहिल्या वर्षी तरी.

पायरी ३ : इंटरफेस, इथे कंजुषी नको

बरेच जण गिटारची पिन छोट्या जॅकमध्ये बदलून थेट लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालतात. आवाज येतो, पण मेलेला येतो. कारण समजून घ्या.

पिकअपचा सिग्नल नाजूक असतो. त्याला अशा दारातून आत घ्यावं लागतं जे त्याच्यावर भार टाकत नाही. गिटारसाठी बनवलेल्या इनपुटचा विद्युत अडथळा साधारण दहा लाख ओहमच्या आसपास असतो. साध्या लाइन इनपुटचा तो दहा हजार ओहमच्या घरात असतो. कमी अडथळ्याच्या दारात गिटार घातली की तिचा वरचा, चमकदार सूर मरतो. मग सॉफ्टवेअरमध्ये कितीही बटणं फिरवा, तो परत येत नाही.

त्यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी डबी लागते. ती यूएसबीने कॉम्प्युटरला जोडतात. फोकसराइट, ऑडिएंट, एम-ऑडियो, बेहरिंगर अशा बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात. सुरुवातीला एक किंवा दोन इनपुटची पुरते. घेताना तीन गोष्टी बघा :

- गिटारसाठी वेगळं इनपुट किंवा 'इन्स्ट्रुमेंट' असं बटण आहे का?
- कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर मिळतो का? विंडोजवर हे फार महत्त्वाचं आहे.
- हेडफोनसाठी वेगळं भोक आणि वेगळा आवाजाचा नॉब आहे का?

आणि गिटार लावल्यावर ते 'इन्स्ट्रुमेंट' बटण खरंच दाबा! आवाज पातळ येतोय अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे बटण बघायचं.

पायरी ४ : कॉम्प्युटर, घरचाच चालेल

गिटारचं एका ट्रॅकचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरसाठी हलकं काम आहे. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट या मापात एक मिनिटाचं एकेरी रेकॉर्डिंग साधारण साडेआठ एमबी जागा घेतं. चार मिनिटांच्या गाण्यात दहा ट्रॅक केले तरी साडेतीनशे एमबीच्या आत. चार-पाच वर्षं जुना, ८ जीबी रॅम असलेला लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. त्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तेवढी काढून एसएसडी टाकून घ्या. एवढ्याने जुनं मशीन धावायला लागतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुना लॅपटॉप विकत घेत असाल तर त्यावर विंडोज ११ चालतं का, हे आधी विचारा.

मग ही मांडणी एकदाच करा :

- इंटरफेस लॅपटॉपच्या यूएसबीला थेट लावा, मध्ये हब नको.
- कंपनीच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर टाका. मग रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तोच एएसआयओ ड्रायव्हर निवडा. ॲपलच्या कॉम्प्युटरवर ही व्यवस्था आतच असते.
- सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा. एका ठिकाणी ४४.१ आणि दुसरीकडे ४८ ठेवलं तर आवाज तुटतो किंवा सूर बदलतो.
- पॉवर सेटिंग पूर्ण ताकदीवर, स्लीप बंद, सूचनांचे आवाज बंद.
- रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद. अपडेट आणि अँटिव्हायरसची तपासणी रात्रीवर ढकला.

नागपूर भागाचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लॅपटॉप तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि रेकॉर्डिंगमध्ये टक-टक येते. मे महिन्यात काम सकाळी लवकर करा, लॅपटॉप गादीवर ठेवू नका आणि त्याच्याखाली हवा खेळू द्या.

पायरी ५ : वाजवल्यावर उशिरा ऐकू येतं, त्याचं काय?

नवीन माणूस इथेच हिंमत सोडतो. तार छेडली आणि आवाज हेडफोनमध्ये जरा उशिरा आला, की ताल जुळत नाही. याचं कारण बफर. कॉम्प्युटर आवाज थेंब-थेंब घेत नाही, बादली भरली की उचलतो. बादली म्हणजे बफर.

४८ किलोहर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. २५६ म्हणजे ५.३. आणि १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंदांपेक्षा जास्त. आत येताना एकदा, बाहेर जाताना एकदा, म्हणजे एकूण उशीर याच्या दुपटीहून थोडा अधिक धरा. अंदाज यावा म्हणून सांगतो, हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे ॲम्पपासून तीन-साडेतीन मीटरवर बसून वाजवण्यासारखं. ते हाताला चालतं. चाळीस मिलिसेकंद चालत नाहीत.

नियम सोपा आहे. वाजवताना बफर १२८ किंवा त्याहून कमी. टक-टक आली तर २५६. रेकॉर्डिंग झालं आणि फक्त काटछाट करायची असेल तेव्हा १०२४. दर वेळी बदला, आळस करू नका.

आणखी एक. इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' बटण असतं. त्याने कोरी गिटार उशीर न होता ऐकू येते. पण सॉफ्टवेअरमधून ॲम्पचा आवाज ऐकत असाल तर हे बटण बंद ठेवा. नाहीतर कोरा आणि ॲम्पचा असे दोन आवाज एकावर एक येतील.

पायरी ६ : सॉफ्टवेअर

रेकॉर्डिंगसाठी 'रीपर' हे हलकं आणि जुन्या लॅपटॉपवर चालणारं सॉफ्टवेअर आहे. ६० दिवस वापरून बघता येतं. छोट्या व्यावसायिकांसाठीचा सवलतीचा परवाना ६० डॉलरचा आहे. ॲपलवाल्यांना 'गॅरेजबँड' फुकट मिळतं. 'ऑडॅसिटी'ही फुकट आहे, काटछाटीला छान. पण त्यात वाजवताना सॉफ्टवेअरमधला ॲम्प सोबत ऐकता येत नाही, म्हणून या कामाला ते अपुरं पडतं.

ॲम्पची जागा घेणारी सॉफ्टवेअरंही फुकट मिळतात. 'न्यूरल ॲम्प मॉडेलर' पूर्ण फुकट आहे, 'ॲम्पलीट्यूब' आणि 'गिटार रिग' यांच्या फुकट आवृत्त्या आहेत. एक खबरदारी घ्या. ॲम्पनंतर स्पीकरच्या पेटीची, म्हणजे कॅबिनेटची नक्कल सुरू असायलाच हवी. ती नसेल तर जोरकस गिटार मधमाश्यांच्या पोळ्यासारखी वाजते.

भाऊ, चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नका. त्यासोबत व्हायरस येतो, गिऱ्हाइकाच्या फाइली जातात आणि नाव खराब होतं. फुकट आणि कायदेशीर एवढं उपलब्ध असताना गरजच काय?

पायरी ७ : वीज, आपली खरी परीक्षा

आता आपल्या मुख्य वाक्याकडे या. पिकअप म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी. अशी गुंडाळी आजूबाजूच्या प्रत्येक चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं पूर्ण करते. ती रेकॉर्डिंगमध्ये घरघर होऊन येते. कूलरची हवा गिटारला ऐकू येत नाही, पण कूलरची मोटर जवळ असेल तर ती ऐकू येते! फॅनचा फिरवायचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, जुनी ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, बॅटरी भरणारा इन्व्हर्टर, हे सगळे तिचे आवाज करणारे शेजारी आहेत.

एका गुंडाळीचा, म्हणजे सिंगल कॉइल पिकअप ही घरघर जास्त धरतो. हंबकरमध्ये दोन गुंडाळ्या उलट्या जोडलेल्या असतात. बाहेरची घरघर दोन्हींत उलटसुलट येऊन एकमेकींना खोडते, तारेचा आवाज मात्र टिकतो. १९५० च्या दशकात गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी ही रचना केली. म्हणजे तेव्हाही हीच अडचण होती.

आता या पाच चाचण्या करा. प्रत्येक वेळी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा आणि वहीत टिपण ठेवा.

१. गिटारचा आवाज शून्यावर ठेवा. तरीही घरघर आहे? मग दोष तार, इंटरफेस किंवा विजेत आहे, पिकअपमध्ये नाही.

२. आवाज पूर्ण करा आणि खुर्चीवर बसल्या-बसल्या हळूहळू चारी दिशांना फिरा. एका दिशेला घरघर एकदम कमी होते. जमिनीवर खडूने खूण करा, तीच तुमची बसायची जागा.

३. लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. घरघर गेली? मग दोषी चार्जर आहे. अशा वेळी बॅटरीवरच वाजवा. लाइट गेल्यावर घर सगळ्यात शांत असतं, याचा फायदा घ्या.

४. घरातली एकेक वस्तू बंद करा : ट्यूबलाइट, रेग्युलेटर, कूलर, इन्व्हर्टर. कोण बंद झाल्यावर फरक पडतो ते लिहा. इन्व्हर्टर जुना, चौकोनी लहरीचा असेल तर त्यावर रेकॉर्डिंग करू नका, साइन लहरीचा बरा.

५. तारांना हात लावा. घरघर थोडी कमी झाली तर गिटारच्या बाबतीत हे नेहमीचं आहे. हात लावल्यावर वाढली, तर गिटारच्या आतल्या जोडण्या तपासून घ्या. इंटरफेसच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर आवाज बदलत असेल, तर अर्थिंग नीट पोहोचत नाही असं समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तारांना किंवा लॅपटॉपला हात लावल्यावर बारीकसा झिणझिण्या देणारा करंट जाणवला तर काम लगेच थांबवा. २३० व्होल्टशी खेळ नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवा आणि घराचं अर्थिंग मोजायला सांगा. आपल्याकडे जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नसते. "अर्थिंगची पिन कापली की घरघर जाते" असा सल्ला कोणी देईल. तो कधीही ऐकू नका. घरघर जाईल, पण जीवही जाऊ शकतो.

पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की सगळ्या पिना बोर्डातून ओढून काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. इंटरनेटची तारही काढा.

एवढ्या कामाला इलेक्ट्रिशियनची एक फेरी आणि चांगला एक्स्टेन्शन बोर्ड लागेल. नव्या कॉम्प्युटरपेक्षा हा खर्च कितीतरी कमी आहे, आणि फरक मात्र पहिल्याच गाण्यात ऐकू येतो.

पायरी ८ : प्रत्यक्ष रेकॉर्डिंग

गिऱ्हाइकाकडून आधी तीन गोष्टी घ्या : गाण्याचा ट्रॅक, लय आणि सूर. लय म्हणजे मिनिटाला ठोके किती, तो आकडा. सुराच्या बाबतीत आपल्याकडचे गायक "काळी चार" असं सांगतात, म्हणजे जी शार्प. नुसतं ऐकून अंदाज करू नका, दोघांनी एकच भाषा वापरली की नाही हे पक्कं करा. नाहीतर अख्खं गाणं परत वाजवावं लागेल.

मग :

- तारा जुन्या, गंजलेल्या असतील तर बदला. कूलरच्या दमट हवेत त्या लवकर गंजतात.
- प्रत्येक वेळी वाजवण्याआधी ट्यूनरवर सूर जुळवा. बाराव्या फ्रेटवरचा सूरही तपासा.
- सगळ्यात जोरात वाजवून बघा आणि इंटरफेसचा नॉब असा ठेवा की सॉफ्टवेअरमधला काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल. शून्याला लागला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. २४ बिटमध्ये आवाज थोडा कमी भरला तरी काही बिघडत नाही.
- मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.
- कोरी गिटार रेकॉर्ड करा, ॲम्पचा आवाज सॉफ्टवेअरमध्ये वरून लावा. उद्या संयोजकाला आवाज बदलून हवा असेल तर परत वाजवावं लागणार नाही.
- पूर्ण गाणं तीनदा वाजवा, मग चांगले भाग निवडा. एकच ओळ चाळीस वेळा वाजवत बसू नका, वेळ म्हणजे तुमचा कच्चा माल आहे.

पायरी ९ : फाइल पोहोचवणं हीसुद्धा सेवा आहे

वादक चांगला असूनही पुन्हा काम मिळत नाही, याचं कारण बरेचदा फाइल असते. म्हणून ही शिस्त ठेवा. डब्ल्यूएव्ही फाइल द्या, एमपीथ्री नाही. प्रत्येक फाइल गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून, शून्य सेकंदापासून सुरू करा, मग गिटार दुसऱ्या कडव्यात येत असली तरी. समोरच्याने फाइल टाकली की ती आपोआप जागेवर बसली पाहिजे. एक कोरी फाइल आणि एक ॲम्प लावलेली, अशा दोन द्या. नावात गाणं, लय, सूर आणि तारीख लिहा. फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून टाकू नका, ड्राइव्हची लिंक पाठवा. आणि स्वतःकडे दोन प्रती ठेवा : एक बाहेरच्या डिस्कवर, एक इंटरनेटवर.

पायरी १० : हिशोब

आता वही उघडा. खालचे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, तुमच्या बाजारभावाने तुमचे आकडे घाला.

समजा गिटार आणि लॅपटॉप घरात आहे. इंटरफेस १२,०००, हेडफोन ४,०००, तारा आणि केबल २,०००, एसएसडी ३,०००, विजेचं काम ४,०००, सॉफ्टवेअर ५,०००. एकूण ३०,००० रुपये.

दर महिन्याचा खर्च : इंटरनेट ७००, वीज ३००, तारा ५००. एकूण १,५०० रुपये.

समजा एका गाण्याचे १,५०० रुपये घेता. ऐकणं, बसवणं, वाजवणं, काटछाट, दुरुस्ती मिळून पाच तास जातात. म्हणजे तासाला ३०० रुपये. आता बघा :

- महिन्याला १ गाणं : १,५०० आले, १,५०० गेले. हातात शून्य. गुंतवणूक कधीच वसूल होणार नाही.
- महिन्याला ३ गाणी : हातात ३,०००. गुंतवणूक १० महिन्यांत वसूल.
- महिन्याला ६ गाणी : हातात ७,५००. गुंतवणूक ४ महिन्यांत वसूल.

आणि आता हाच हिशोब ७०,००० चा नवा कॉम्प्युटर धरून करा. गुंतवणूक १,००,०००. महिन्याला ३ गाण्यांवर वसुलीला ३३ महिन्यांहून जास्त, म्हणजे पावणेतीन वर्षं. त्यात व्याज धरलेलंच नाही! घरातल्यांच्या बचतीवर किंवा कर्जावर हा भार टाकायचा का, ते तुम्ही ठरवा. माझा सल्ला स्पष्ट आहे : कॉम्प्युटर पहिल्या वर्षाच्या कमाईतून बदला, आईच्या गळ्यातलं गहाण ठेवून नाही.

दर ठरवताना तीन अटी आधीच लिहून पाठवा. निम्मे पैसे आधी. दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. उरलेले पैसे आल्यावर अंतिम फाइल, तोपर्यंत कमी दर्जाचा नमुना.

पायरी ११ : कागद

सुरुवातीला मोठी कंपनी काढायची गरज नाही. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेरची किंवा परदेशातली कामं घेताना एकदा सीएला विचारून घ्या.

आणि हक्क. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीबद्दलही तरतूद झाली. प्रत्येक कामाआधी निदान एका संदेशात लिहून घ्या : गाणं कोणतं, पैसे किती, नाव कुठे येणार, ट्रॅक दुसऱ्या गाण्यात वापरता येईल की नाही. तोंडी व्यवहारात वाद झाला की आठवणी बदलतात, लिहिलेला संदेश बदलत नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

पहिले दोन दिवस : पाच संभाव्य गिऱ्हाइकांशी बोला.
तिसरा दिवस : घरातली वीज तपासा. इंटरफेस नसेल तर मित्राचा एका दिवसासाठी मागा आणि पाचही चाचण्या करा.
चौथा आणि पाचवा दिवस : एका ओळखीच्या चालीवर एक मिनिटाचा नमुना करा. कोरी आणि ॲम्पची, दोन्ही फाइल तयार करा.
सहावा दिवस : तो नमुना त्याच पाच लोकांना पाठवा, दर आणि अटींसकट.
सातवा दिवस : हिशोबाची वही घेऊन घरच्यांसमोर बसा. किती गाण्यांवर खर्च निघतो, ते त्यांना आकड्यांत सांगा.

पाचांपैकी एकाने जरी आगाऊ पैसे दिले, तर इंटरफेस घ्यायला हरकत नाही. कोणीच दिले नाहीत, तर तुमचे तीस हजार वाचले. दोन्हीकडून फायदाच आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तारा बदला आणि अर्थिंग तपासा!